कोसमटोल्याला लेकरं पाहिजेत

कोसमटोल्याच्या शाळेत एके काळी पोरं मावत नसत. कमळाबाईचा थोरला धनराज पहिलीत गेला तेव्हा दोन वर्ग आत बसायचे आणि दोन बाहेर कडुनिंबाखाली. शाळा सुटली की गल्लीतून अशी झुंड निघायची की कोंबड्या जीव घेऊन छपरावर चढायच्या. कुणाच्या घरी किती पोरं, असं त्या काळी कुणी विचारतही नसे. घर तिथे झोळी, आणि झोळीत कुणी ना कुणी. कमळाबाईच्या घरात आढ्याला बांधलेली झोळी एकदा वर गेली ती कित्येक वर्षं खाली उतरलीच नव्हती.

आता त्याच शाळेत पहिलीपासून चौथीपर्यंतची सगळी पोरं एका सतरंजीवर बसत आणि तरी सतरंजी उरत असे. काही माणसं गाव सोडून गेली हे खरं. धनराजच घुग्घुसला कोळशाच्या खाणीवर लागला आणि तिकडचाच होऊन बसला. पण जे गावात राहिले, त्यांच्याही घरी एक, फार तर दोन. पूर्वी लेकरू जन्मलं तरी ते आपलं म्हणायला दोन पावसाळे जाऊ द्यावे लागत. आता जन्मलेलं लेकरू जगतं, हे लोकांना कळून चुकलं होतं. मग चार-चार कशाला, असं कुणी ठरवून म्हटलं नाही, पण घरोघरी तेच झालं. हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. आलं ते एक मेच्या ग्रामसभेत.

गुरुजी उठले, घसा साफ केला, आणि म्हणाले की एवढ्या कमी पोरांवर शाळा चालत नाही. जूनपासून कोसमटोल्याची पोरं नवेगावच्या शाळेत जातील.  नवेगाव काही परमुलखात नव्हतं. सायकलीवर गेलं तर घाम निघायच्या आत पोचतो माणूस. पण मधे जंगल होतं, नाला होता, आणि गेल्याच हिवाळ्यात त्या नाल्याच्या वळणावर वाघ भर सकाळी रस्त्यात बसला होता. एस.टी.च्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून वाजवून थकून गाडी बंद केली आणि तो उठेपर्यंत सगळे आत गप बसून राहिले होते. त्या गाडीत कमळाबाईही होती. वाघ उठून गेला तो अगदी सावकाश, आळस देत. त्याची ती बेफिकिरी तिला अजून आठवायची.

सरपंच श्रावण तरुण होता. अर्ज करू, वर जाऊन भेटू, असं तो सांगत होता. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून नीलाबाई बोलली. नीलाबाई कमळाबाईच्या शेजारची, तिच्याच वयाची, आणि गावात तिच्या जिभेला कुणी अडवत नसे. ती म्हणाली, "लेकरं नाई म्हनून शाळा नाई. मंग लेकरं करा ना बाप्पा. त्याले का परवानगी लागते?"

सभा हसली. हसता हसता कुणीतरी हिशेब सांगितला की आज पोटात आलेलं लेकरू शाळेत जायला सहा वर्षं लागतील. नीलाबाई म्हणाली, सहा वर्षं काय, पाहता पाहता जातात. पुन्हा हशा झाला. पण मग हळूहळू हसणं ओसरलं आणि लोक खरोखरच घरं मोजू लागले. अमक्याच्या सुनेला एकच. तमक्याचं लग्न होऊन तीन वर्षं झाली, अजून काही नाही. आणि मग सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत कमळाबाईवर येऊन थांबल्या. तिचा धाकटा निकेश गावातच होता. धानाची शेती चांगली, बांधीला, म्हणजे धानाच्या खाचरांना, तलावाचं पाणी. सून रीता शिकलेली, तब्येतीनं बरी. आणि घरात एकच पोरगी, दिव्यानी.

सभा उठली तेव्हा दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी कमळाबाईला गाठलं. तू सुनेला समजाव, ते म्हणाले. तुझं ऐकेल ती. गावाचा प्रश्न आहे.

कमळाबाईनं मान हलवली. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं होतं. गावानं काम सोपवलं, याचं थोडं. आणि तिच्या मनातलंच गाव बोललं, याचं जास्त. दिव्यानी एकटी खेळायची. दुपारी छपरीत बकरीची पिल्लं ओळीनं बांधायची आणि त्यांची हजेरी घ्यायची. पिल्लू ओरडलं नाही तर त्याची गैरहजेरी लागायची. सगळे कौतुकानं हसत, पण कमळाबाईच्या काळजात कुठेतरी टोचायचं. आपल्या पोरांना खेळायला कुणी मिळत नाही, अशी वेळ तिनं कधी पाहिली नव्हती. उलट, जरा गप बसा रे, म्हणून ती ओरडायची. आपण दोघं म्हातारी उद्या गेलो, निकेश-रीताही कधीतरी जातील, मग ही पोरगी कुणाच्या तोंडाकडे पाहील? भाऊ नको म्हणा, बहीण तरी असावी.

पण बोलायचं कसं? ती रोज ठरवायची आणि रोज पुढे ढकलायची. सकाळी म्हणायची, आता भाकरी होऊ दे. दुपारी म्हणायची, आता झोपली आहे बिचारी. रीता काही तोंडाळ नव्हती. सासूशी तिनं कधी वाकडा शब्द काढला नव्हता, आणि म्हणूनच तर तिच्याशी बोलणं अवघड होतं. भांडखोर सुनेला माणूस काहीही बोलून मोकळं होतं.

त्यातच कमळाबाईला घरात काहीतरी वेगळं जाणवायला लागलं. निकेश आणि रीता बोलत असायचे आणि ती आली की गप व्हायचे. निकेश एकदा गडचिरोलीला जाऊन आला, काय काम होतं ते धड सांगितलं नाही. चार दिवसांनी पुन्हा गेला. रीताचं जेवणावरून मन उडालं. ताट वाढून घ्यायची आणि भात चिवडत बसायची. एका दुपारी कमळाबाईनं तिला आंबील दिली, उन्हाळ्यात रीताला आंबील फार आवडायची. तिनं दोन घोट घेतले आणि तोंड फिरवून पेला खाली ठेवला. तोंड अगदी उतरून गेलं होतं.

सात बाळंतपणं काढलेल्या बाईला हे कुणी समजावून सांगायला नको. दिवस गेलेत, कमळाबाईनं मनाशी म्हटलं.

आणि मग एक अजब गोष्ट झाली. तिला आनंद व्हायला हवा होता. बोलावंही न लागता काम झालं होतं. गावाचंही आणि तिचंही. पण ती घाबरली. ती चुलीपुढे बसली होती, तिथेच बसून राहिली. तिच्या डोळ्यांपुढे गडचिरोलीच्या दवाखान्याचा तो लांब व्हरांडा आला. दिव्यानीच्या वेळी रीताचं रक्त थांबत नव्हतं. सिस्टर धावत येत होती, धावत जात होती, निकेशला बाटलीभर रक्त काढायला आत नेलं होतं, आणि कमळाबाई बाहेर बाकड्यावर नवीन जन्मलेली पोर मांडीवर घेऊन बसली होती. पोर रडत होती आणि तिच्याकडे पाहायचं भान कुणाला नव्हतं. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाली, वाचली. एवढाच शब्द. त्या शब्दापर्यंतचे ते तास कमळाबाईनं पुन्हा कधी आठवले नव्हते. आठवायचे नाहीत असं ठरवूनच टाकलं होतं. नातवंडाची हाव धरताना ती ते तास सोयीस्कर विसरली होती.

आता ते सगळे एकदम आठवले. त्या रात्री तिनं देवापुढे दिवा लावला आणि काय मागावं तेच तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासू-सुना घरामागच्या सांदवाडीत आंब्याच्या सावलीत चिंच फोडत बसल्या होत्या. दिव्यानी आत झोपली होती. रामाजी, कमळाबाईचा नवरा, बैलांसाठी तणस आणायला शेतावर गेला होता आणि निकेश त्याच्याबरोबर. चिंचेची टरफलं काढायची, दगडावर ठेवून हातोडीनं चिंचोका बाहेर काढायचा, गोळा टोपल्यात टाकायचा. बोलण्यासाठी यापेक्षा चांगलं काम नाही, कारण एकमेकीच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही.

"रीता," कमळाबाई म्हणाली, "मले खरं सांग. दिवस गेले का तुले?"

रीताची हातोडी थांबली. "नाई आई."

"मंग जेवून काऊन नाई राह्यली?"

 रीतानं एक चिंच उचलली, तशीच हातात धरून बसली. डोळे भरून आलेले दिसत होते. मग एकदम, जणू मागून कुणी ढकलावं तसं, तिनं सांगून टाकलं. "ह्यायनं सोताचं आपरेशन करायचं ठरवलं. गडचिरोलीले. येत्या हप्त्यात. एकच पोरगी बस हाये, असं आमी दोघं बी म्हनतो. तुमाले कसं सांगावं तेच समजत नव्हतं आई. गावातल्या बाया रोज इचारते, तुमाले बी सांगितलं म्हने गावानं... मले वाटलं तुमी नाराज होसान."

कमळाबाईच्या छातीतून एक लांब श्वास बाहेर पडला, एवढा लांब की तो आत होता हेच तिला माहीत नव्हतं. तिनं हातोडी खाली ठेवली, झाडाच्या बुंध्याला पाठ टेकली आणि पदर तोंडाला लावला. रीताला वाटलं, सासू रडते आहे. ती घाबरून जवळ सरकली. पण कमळाबाई हसत होती. डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती, आवाज न करता, सगळं अंग हलवून.

"मले वाटलं तू पोटुशी हायेस," ती शेवटी म्हणाली. "कालपासून माहा जीव थाऱ्यावर नाई ना बाई."

मग सासूनं सुनेला जे सांगितलं ते तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, बहिणीला नाही. तिची सात बाळंतपणं घरातच झाली होती. चार पोरं राहिली, तीन गेली; एक जन्मल्या दिवशीच, एक गोवरानं, आणि एक मुलगी चांगली चालती-बोलती झाली होती, ती तापानं. सातव्या वेळी, म्हणजे निकेशच्या वेळी, तिच्या अंगात काही उरलं नव्हतं. अंग पिवळं पडलेलं, पाय सुजलेले, उठून उभं राहिलं की अंधारी यायची. आणि तरी तिला माहीत होतं की वर्ष-दोन वर्षांत पुन्हा तेच. कुणी तिला जबरदस्ती केली नव्हती. पण कुणी विचारलंही नव्हतं. तेव्हा असं विचारायची रीतच नव्हती. ऊन-पाऊस कधी कुणाला विचारतात का, येऊ का म्हणून, तसं ते होतं.

आणि मग एक दिवस रामाजी सकाळी घरातून निघाला तो संध्याकाळी बैलबंडीत आडवा पडून आला. तालुक्याला नसबंदीचं शिबिर होतं. न बोलता, न सांगता तो तिथे जाऊन आला होता. या जंगलपट्टीत बाप्यानं ऑपरेशन करून घेणं ही काही अगदी नवलाची गोष्ट नव्हती, तरी गावातल्या बायका कमळाबाईचं सांत्वन करायला आल्या. बाप्याच्या अंगातली ताकद जाते म्हणत. आता नांगर कोण धरेल म्हणत. कमळाबाईनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. त्या गेल्यावर ती मागे तणसाच्या ढिगाआड गेली आणि पोटभर रडली.

"दुःखानं नाई रडली मी," ती रीताला म्हणाली. "सुटली म्हनून रडली. पन बाईनं असं म्हनू नये ना. लेकरं नोको असं कोनती माय म्हनते? म्हनून चुपचाप राह्यली. एवढी वर्सं."

रीतानं तिचा हात धरला. चिंचेनं दोघींचे हात चिकट झाले होते.  नंतर रीता उठली, आत गेली, आणि पेल्यात आंबील ओतून घेऊन आली. उभ्या उभ्या प्यायली आणि आणखी ओतून घ्यायला परत गेली.

राहिला रामाजी. त्याला कोण सांगणार, ही दोघींना धास्ती होती. तो मितभाषी माणूस, मनातलं चेहऱ्यावर येऊ द्यायचा नाही. पण दिव्यानी झाली तेव्हा, पुढच्या वेळी नातू, असं तो एकदा बोलून गेला होता, आणि ते एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं.

संध्याकाळी जेवताना निकेशनंच सांगितलं. भाताचा घास हातात धरून, मान खाली घालून, एका दमात. रामाजी चावत राहिला. घास गिळला. पाणी प्याला. कमळाबाईला वाटलं, आता काहीतरी वाईट बोलणार.

"जाशीन कशानं?" रामाजीनं विचारलं.

"मोटरसायकलनं," निकेश म्हणाला.

"वापस येताना मोटरसायकलवर बसू नोको. मी बंडीत आलतो. रस्त्यात जेवढे गोटे होते तेवढे मले अजून ध्यानात हायेत."

रीतानं पदर तोंडात कोंबला आणि चुलीकडे वळली. निकेशला हसावं की नाही ते कळेना. रामाजीनं ताटातलं लाखोरीचं वरण भातावर ओतलं, आणि मग कुणाकडेही न पाहता म्हणाला, "तिघाले मी हातावर नेलं नाल्यावर. त्यातलं एक एवढंसं होतं का टॉवेलात मावलं." त्यानं भात कालवला. "आता एक हाये तं एक हाये. जगते ना ते. मी येतो तुह्यासंगं. एस.टी.नं जाऊ."

ठरल्या दिवशी बाप-लेक सकाळच्या गाडीनं गेले. वैनगंगेच्या पुलावरून गाडी जाताना रामाजीनं खिडकीतून नदीला हात जोडले, असं निकेशनं नंतर सांगितलं. काम चुटकीसरशी झालं. निकेश स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला आणि बापाला म्हणाला, एवढंच? रामाजीला जरा वाईटच वाटलं. त्याच्या वेळचं दुखणं आता कुणी खरं मानणार नाही, असं तो म्हणाला. धानाच्या रोवण्याला अजून महिना होता. निकेशनं आठवडाभर जड काम केलं नाही, छपरीत बसून दिव्यानीच्या शाळेत बकरीच्या पिल्लांबरोबर हजेरी दिली, आणि घर हलकं झालं. रीता पुन्हा जेवायला लागली. कामं करताना गुणगुणायला लागली.

पण गाव कुठे हलकं झालं होतं? नीलाबाई दोनदा येऊन विचारून गेली, काय म्हणते सून. कमळाबाईनं उडवून लावलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा कमळाबाईनं तिला बसवलं, चहा दिला, आणि सरळ सांगितलं की आमच्या घरी आता लेकरू होणार नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. उलट बरं वाटतं.

नीलाबाई भांडेल असं तिला वाटलं होतं. नीलाबाई भांडली नाही. चहा बशीत ओतून गार होईपर्यंत फुंकत राहिली. तिचे दोन्ही लेक बाहेर होते, एक राजुऱ्याला आणि एक नागपूरला. घरात ती आणि एक मांजर. मग ती म्हणाली, "मले शाळेचं का करायचं हाये वं. मले शाळा सुटल्याचा कल्ला पायजे. दुपारी घर कसं खायाले उठते."

एवढं बोलून ती उठून गेली. कमळाबाईला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं की ग्रामसभेत नीलाबाई थट्टा करत नव्हती, आणि गावासाठी मागतही नव्हती.

शाळेचा विषय जूनच्या सुरुवातीला पुन्हा सभेत आला. श्रावण वर जाऊन आला होता. शाळा वाचणार नाही, हे पक्कं झालं होतं. म्हाताऱ्यांनी पुन्हा तेच पालुपद सुरू केलं, आजकालच्या पोरींना लेकरं नकोत, म्हणून गावावर ही पाळी. कोपऱ्यात बसलेल्या सुना खाली पाहू लागल्या. रीताही त्यांत होती. कमळाबाई सभेत कधी बोलत नसे. पण त्या खाली गेलेल्या माना पाहिल्या आणि तिच्यानं राहवलं नाही. ती उठून उभी राहिली, पदर खांद्यावरून ओढून घेतला, आणि म्हणाली, "मागा तं गाडी मागा ना भाऊ. लेकरू काऊन मागता? हायेत त्या लेकरायले वाघाच्या तोंडातून कोन नेते, ते पाहा पयले."

कुणीतरी म्हणालं, आमच्या वेळी काय गाड्या होत्या? कमळाबाई म्हणाली, तुमच्या वेळी एक गेलं तर घरात पाच होते. आता ज्याचं जाईल त्याचं सगळंच जाईल.

 श्रावणला स्वतःला एकच मुलगा होता, नुकताच बालवाडीत बसू लागलेला. तो ताठ होऊन बसला. मग बोलणं दुसऱ्याच वाटेनं गेलं, आणि त्या वाटेनं गेलं ते थांबलंच नाही. बायका तालुक्याला गेल्या, ऑफिसच्या पायऱ्यांवर बसल्या, साहेब जेवायला गेले तर ते परत येईपर्यंत बसल्या. जंगलखात्यालाही गाठलं. बरीच टोलवाटोलवी झाली. शाळा उघडायला दोन दिवस उरले तेव्हा कळलं की गाडीची सोय मंजूर झाली. गावातल्याच बिरजूची जीप पोरांना नेईल आणि आणेल, आणि रोज गावातलं एक मोठं माणूस सोबत बसेल.

पहिल्या दिवशी कमळाबाई बसली. पहिलीत बसणारी दिव्यानी नवीन फ्रॉक घालून तिच्या मांडीला चिकटून बसली होती, तोंडातून शब्द नाही. बाकीची पोरंही गप. नाल्याचं वळण आलं तेव्हा बिरजूनं गाडी हळू केली आणि लांबूनच हॉर्न धरून ठेवला. कमळाबाईनं दोन्ही हातांनी दिव्यानीला कवटाळलं. रस्ता मोकळा होता. पळसाच्या झाडावर एक वानर बसलं होतं, त्यानं गाडीकडे पाहिलं आणि खाजवत राहिलं. जीप नाला ओलांडून वर चढली तेव्हा मागच्या बाकावरचं एक पोरगं म्हणालं, वाघ नाही दिसला. त्याच्या आवाजात चक्क निराशा होती. आणि मग सगळीच बोलायला लागली.

नवेगावच्या शाळेत आजूबाजूच्या चार टोल्यांतली, म्हणजे वाड्यांतली, पोरं आली होती. त्याही टोल्यांच्या शाळा अशाच रिकाम्या होत गेलेल्या. फाटकातून आत शिरल्याबरोबर एवढा गलका कानावर आला की दिव्यानीनं आजीचं लुगडं मुठीत घट्ट धरलं. एवढी पोरं तिनं एका जागी फक्त दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत पाहिली होती, तीही बापाच्या खांद्यावरून. बाईंनी तिला हाताला धरून वर्गात नेलं. ती मागे वळून वळून पाहत गेली. कमळाबाई व्हरांड्यात बसून राहिली. घरी जायला जीप होती, पण तिचा पाय निघेना. पोर रडली तर? कुणी मारलं तर? कधी कुणात खेळली नाही ती.

मधल्या सुट्टीच्या थोडं आधी तिनं खिडकीतून आत डोकावून पाहिलं. दिव्यानी तीन मुलींच्या मधे बसली होती आणि एका मुलीशी तिचं भांडण चाललं होतं. कशावरून ते ऐकू येत नव्हतं, पण दिव्यानीचा एक हात कमरेवर होता आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या मुलीच्या नाकासमोर. ती मुलगीही कमी नव्हती. शेवटी दोघी एकदम हसल्या आणि एकाच पाटीवर वाकल्या. कमळाबाई खिडकीपासून मागे सरली आणि व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसली. तिच्या पाठीतलं काहीतरी, जे गेली सहा वर्षं ताणून धरलेलं होतं, ते सैल पडलं.

शाळा सुटली तेव्हा दिव्यानी लवकर येईना. बिरजूला दोनदा हॉर्न वाजवावा लागला. येताना वाटेभर तिचं तोंड बंद नव्हतं. दिव्या नावाची एक मुलगी आहे, तिचं नाव माझ्यासारखंच आहे पण थोडं कमी आहे, असं तिनं आजीला समजावून सांगितलं. दिव्याच्याही घरी दुसरं कुणी नाही. उद्या ती चिंचेच्या गोळ्या आणणार. परवा आपण न्यायच्या. आजी, आपल्याकडे आहेत ना?

आहेत की, कमळाबाई म्हणाली. टोपलंभर आहेत.

सोबत बसायची पाळी पुढे रोज बदलणार होती, पण आठवड्याभरात ती नीलाबाईकडेच गेली आणि तिच्याकडेच राहिली. तिनं ती मागून घेतली होती. रोज सकाळी ती काठी घेऊन जीपपाशी सगळ्यांच्या आधी हजर. पोरांना ती एकेकाला आत कोंबायची, कुणाचं नाक पुसायची, कुणाच्या डोक्यात टपली मारायची, आणि एवढ्या मोठ्यानं ओरडायची की वाघानंही वाट बदलावी. पोरंही तिचं ऐकत नसत. आत एकच कल्ला चाललेला असायचा आणि त्या कल्ल्याच्या मधोमध नीलाबाई, लाल झालेल्या तोंडानं, खूश.

अशाच एका सकाळी कमळाबाईनं दिव्यानीला जीपमध्ये बसवलं आणि ती परत आली. निकेश-रीता बांधीवर पऱ्हे, धानाची रोपं, पाहायला गेले होते. रामाजी बैल घेऊन पुढे गेला होता. ढग दाटून आले होते, हवा गार होती. जीपचा आवाज नाल्याकडे गेला, मग तोही थांबला. घरात कुणी नव्हतं, गल्लीत कुणी नव्हतं. शाळेच्या कडुनिंबाखाली एक म्हैस बसली होती.

झाडून काढायचं होतं, भांडी पडली होती. कमळाबाईनं झाडू हातात घेतला, थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग तो भिंतीला टेकवून ठेवला. छपरीत बाज होती. तिच्यावर ती बसली, आणि मग पाय वर घेऊन आडवी झाली. सासरी आल्यापासून सकाळच्या वेळी ती कधी आडवी झाली नव्हती, दुखणं-बाळंतपण सोडून. जरा पाठ टेकावी, एवढंच तिच्या मनात होतं.

रीता बांधीवरून आली तेव्हा सासू गाढ झोपलेली होती, तोंड किंचित उघडं, एक हात बाजेखाली लोंबकळत असलेला. रीतानं भांडी आवाज न करता उचलली आणि घासायला मागे नेली.